लॅरी होम्स: अलीनंतर आलेला माणूस

रात्रपाळी
सकाळी साडेसहाला कामावरून घरी येतो, लगेच झोप लागत नाही. म्हणून गेली दोन वर्षं जुन्या बॉक्सिंगच्या लढती बघतोय. सुरुवात अर्थातच महंमद अलीपासून झाली, मग फ्रेझर, फोरमन, नॉर्टन. असं करत करत २ ऑक्टोबर १९८० ची लास व्हेगासची लढत लागली. ३८ वर्षांचा अली आणि समोर एकेकाळचा त्याचाच सरावातला जोडीदार, लॅरी होम्स.

ती लढत मी एका बैठकीत पूर्ण बघू शकलो नाही. होम्स मारतोय आणि मारता मारता पंचाकडे बघतोय, की बाबा आता थांबव. शेवटी दहाव्या राउंडनंतर अलीच्या कोपऱ्यातून त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. अलीच्या सगळ्या कारकिर्दीत तो असा एकदाच थांबला.

त्यानंतर मी होम्सच्याच मागे लागलो. १९७८ ते १९८५ अशी सात वर्षं हेवीवेट विजेता, २० वेळा किताब राखला, सलग ४८ विजय. एकूण ७५ लढती, त्यातल्या ६९ जिंकल्या. तरीही आपल्याकडे शंभर क्रीडाप्रेमींना विचारा, अली आणि टायसन सगळ्यांना माहीत, त्या दोघांमधला हा माणूस कुणालाच नाही.

दोन प्रश्न आहेत. एक, याला श्रेय का मिळालं नाही? दोन, अलीशी लढायला त्याने नकार द्यायला हवा होता का?

सोनचाफा
छान धागा. मी बॉक्सिंग बघत नाही, रक्त बघवत नाही. पण वाचतेय. लिहा सगळे.

डावा हात
वा! होम्सवर मराठीत धागा निघेल असं वाटलं नव्हतं. मी पुण्यात पोरांना शिकवतो, हौशी बॉक्सिंग, व्यावसायिक नाही. आमच्याकडे पहिले तीन महिने फक्त जॅब असतो. डावा पाय पुढे, डावा हात सरळ, जेवढ्या वेगाने गेला तेवढ्याच वेगाने हनुवटीपाशी परत. पोरं कंटाळतात, त्यांना उजव्या हाताचा मोठा ठोसा हाणायचा असतो. मग मी दोरीला कापडाचा गोळा बांधून टांगतो आणि सांगतो, तीन मिनिटं न थांबता याला शिवत राहा. दुसऱ्या मिनिटाला खांदा पेटतो. कोपर बाहेर निघतं, हात हळूहळू कंबरेकडे उतरतो आणि चेहरा उघडा पडतो.

आता हेच १५ राउंड करायचं आहे आणि समोर गोळा नाही, केन नॉर्टन आहे, अशी कल्पना करा. ९ जून १९७८, लास व्हेगासचं सीझर्स पॅलेस. आठवडाभर आधी होम्सच्या डाव्या दंडाला दुखापत झालेली, म्हणजे ज्या हातावर सगळी मदार तोच दुखावलेला. १४ राउंड झाले तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर दोघे बरोबरीत होते. पंधरावा राउंड ज्याचा, किताब त्याचा. ती शेवटची तीन मिनिटं आजही माझ्या मोबाइलमध्ये आहेत. दोघांच्याही पायांत त्राण नाही, तरी कुणी मागे हटत नाही. होम्स एका गुणाने जिंकला. दोन पंच १४३-१४२ त्याच्या बाजूने, तिसरा तेवढ्याच फरकाने नॉर्टनच्या बाजूने.

माझ्या मते हेवीवेटमध्ये इतका चांगला जॅब आजवर कुणाचा झाला नाही. अलीचाही नाही.

चिकित्सक
जॅबबद्दल मान्य. पण श्रेय मिळालं नाही याची काही कारणं त्याच्या स्वतःच्या खात्यातही आहेत. १९८३ मध्ये टिम विदरस्पूनशी जेमतेम विभागून निकाल मिळाला (दोन पंच बाजूने, एक विरुद्ध), अनेकांच्या मते विदरस्पून जिंकला होता. त्याच वर्षाच्या शेवटी डब्ल्यूबीसीचा किताब सोडून नव्या आयबीएफ या संघटनेकडे गेला. दुसऱ्या संघटनांच्या विजेत्यांशी एकत्रीकरणाची लढत कधी झालीच नाही. ४८ पैकी काही प्रतिस्पर्धी अगदीच सामान्य होते.

आणि रॉकी मार्सियानो या जुन्या, अपराजित विजेत्याबद्दलचं ते वाक्य! २१ सप्टेंबर १९८५ ला मायकेल स्पिंक्सकडून हरल्यावर पत्रकार परिषदेत म्हणाला, मार्सियानोला माझा लंगोट उचलायचीही लायकी नव्हती. मार्सियानोचा भाऊ तिथे हजर होता. अशाने माणसं दूर जाणारच.

रात्रपाळी
@चिकित्सक, वाक्य वाईटच होतं, त्याने नंतर माफीही मागितली. पण त्या दिवसाचं ओझं बघा. मार्सियानोचा विक्रम ४९-०, होम्स ४८-०. एक जिंकला असता तर बरोबरी. आणि आयोजकांनी तारीख कोणती निवडली? मार्सियानोच्या शेवटच्या लढतीला बरोबर ३० वर्षं पूर्ण होण्याची. कित्येक महिने त्याला एकच प्रश्न विचारला जात होता: तू मार्सियानोची बरोबरी करायच्या लायकीचा आहेस का? आधी सात वर्षं विचारत होते, तू अलीच्या लायकीचा आहेस का? माणूस कधीतरी फुटतो.

पंचगंगा
कोल्हापूरकर इथे हजर. मला बॉक्सिंगमधलं कमी कळतं, पण तुमचा दुसरा प्रश्न वाचून पोटात कालवलं. आमच्यात वस्ताद आणि पठ्ठा तालमीत रोज लढतात. वस्ताद मुद्दाम पठ्ठ्याला डाव मारू देतो, पाठीवर थाप मारतो. ते सगळं तालमीच्या चार भिंतींत. मैदानात, तिकीट लावून, हजारो माणसांसमोर पठ्ठ्याने वस्तादावर डाव टाकायचा, हे आमच्याकडे कुणी मान्यच करणार नाही.

आमच्या गल्लीत एक पैलवान होते, कान मोडलेले, मान म्हशीसारखी. चाळिशीच्या जवळ आले तरी जत्रेच्या फडात उतरायचे. एका वर्षी वीस-बावीस वर्षांच्या पोराशी जोड लागली. ते पोर आमच्याच तालमीतलं निघालं, यांच्याच हाताखाली तयार झालेलं. हलगी वाजत होती, दोघांनी हात मिळवला, माती घेतली आणि ते पोर नुसतं खडाखडी करत राहिलं. लोक ओरडायला लागले. पोराने वस्तादांच्या पायाला हात लावला आणि हौद्याबाहेर निघून गेलं. त्या पोराला त्या दिवशी इनाम मिळालं नाही. वस्ताद मात्र त्यानंतर पुन्हा फडात उतरले नाहीत, शेवटपर्यंत पोरं तयार केली.

होम्सनं तसं करायला हवं होतं का? मला तरी वाटतं, करायला हवं होतं.

डावा हात
पंचगंगा, तुमचा प्रसंग वाचून थांबलो जरा. सुंदर.

पण फरक आहे. जत्रेतल्या पोराचं पोट त्या इनामावर नव्हतं. होम्स बारा भावंडांतला एक. जन्म जॉर्जियात, वाढला पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनमध्ये. तेराव्या वर्षी शाळा सुटली, तासाला एक डॉलरवर गाड्या धुतल्या, पुढे दगडखाणीत राबला, ट्रक चालवला. अलीच्या डिअर लेकच्या छावणीत तो पैशासाठी मार खायचा. सरावातल्या जोडीदाराचं कामच ते. अलीने एकदा त्याचा डोळा सुजवला तेव्हा बर्फ लावायला नकार दिला म्हणे. ईस्टनला जाऊन सगळ्यांना दाखवायचा होता, अलीने काळा केलेला डोळा!

अशा माणसाला सांगणार का, की कारकिर्दीतली सर्वात मोठी लढत सोड?

स्टेथोस्कोप
मी डॉक्टर आहे, या लढतीचा वैद्यकीय भाग थोडा सांगते, कारण दोष कुणाचा हे ठरवताना तो महत्त्वाचा आहे.

लढतीआधी नेवाडा राज्याच्या बॉक्सिंग आयोगाच्या सांगण्यावरून अलीची मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली. बोट अचूक नाकाला लावणं, एका पायावर चपळपणे उड्या मारणं यात तो कमी पडल्याची नोंद अहवालात होती. तरीही परवाना मिळाला. त्यात त्याला थायरॉइडचं औषध देण्यात आलं आणि त्याने ते सांगितल्यापेक्षा जास्त घेतलं. वजन झरझर उतरलं. लोक म्हणाले, बघा, अली पुन्हा पूर्वीसारखा सडपातळ झाला! आरशातही तसाच दिसत असणार. प्रत्यक्षात गरजेपेक्षा जास्त थायरॉइड हार्मोन शरीरात गेलं की स्नायू झिजतात, हृदय उगाच धावतं, उष्णता सहन होत नाही. असा माणूस ऑक्टोबरच्या नेवाडात उघड्या मैदानावर, दिव्यांच्या झोतात, जगज्जेत्यासमोर उभा केला.

१९८४ मध्ये अलीला पार्किन्सनची लक्षणं असल्याचं जाहीर झालं. एका लढतीने हे झालं असं कुणी डॉक्टर म्हणणार नाही. पण त्या रात्री त्याला रिंगमध्ये जाऊ देणारे सगळे होम्सपेक्षा जास्त जबाबदार आहेत. होम्सकडे अहवाल नव्हता.

न्यूजर्सीकरीण
अगंबाई, ईस्टन! आम्ही दर उन्हाळ्यात जातो की तिथे. क्रेयोला खडूंचं मोठं संग्रहालय आहे, पाहुण्यांची मुलं आली की न्यायचंच. फिलिप्सबर्गकडून डेलावेअर नदीवरचा जुना लोखंडी पूल ओलांडला की आलंच गाव. नदीकाठच्या रस्त्याला लॅरी होम्स ड्राइव्ह नाव आहे. इतकी वर्षं त्या रस्त्यावरून गाडी नेली, पार्किंग शोधत फिरले, मुलं मागे भांडतायत, आणि हा होम्स कोण हे एकदाही डोक्यात आलं नाही. मला वाटायचं कुणी महापौर असेल.

पुढच्या वेळी नीट बघून सांगते.

रात्रपाळी
@न्यूजर्सीकरीण, नक्की बघा! त्याचा पुतळाही आहे तिथे, २०१५ मध्ये बसवला. हेच मला सर्वात आवडतं त्याच्याबद्दल. बहुतेक विजेते मोठे झाले की लास व्हेगास नाहीतर लॉस एंजेलिस गाठतात. हा ईस्टन सोडून गेला नाही. कमावलेला पैसा गावातच जमिनीत आणि इमारतींत घातला. त्याच रस्त्यावर स्वतःची कार्यालयं बांधून भाड्याने दिली. उतारवयात पैशांसाठी दारोदार फिरायची वेळ त्याच्यावर आली नाही. हेवीवेटच्या इतिहासात हे किती जणांना जमलं? जो लुईसारखा महान माणूस करांच्या थकबाकीत बुडाला आणि शेवटी कसिनोच्या दारात लोकांचं स्वागत करत होता.

मांडवी
कसिनोवरून आठवलं. विजेंदर सिंगची व्यावसायिक कारकिर्दीतली पहिली हार आमच्या पणजीत झाली. १९ मार्च २०२१, मांडवीत नांगरलेल्या कसिनो जहाजाच्या गच्चीवर रिंग! सलग १२ विजयांनंतर रशियाच्या आर्तिश लोप्सानने त्याला हरवलं. आम्ही काठावरून दिवे बघत होतो. आत जायची ऐपत नव्हती, पण गर्दीचा आवाज पाण्यावरून येत होता. विजेंदर तेव्हा ३५ वर्षांचा. पुढच्या वर्षी रायपूरला येऊन जिंकला. अवांतर झालं, माफी.

पंचगंगा
अवांतर कसलं, लिहा. बॉक्सिंगची गोष्ट निघालीच आहे तर सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांना विसरू नका. सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कंबरेखालचं अंग गेलं, मग पोहायला लागले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. श्रेय उशिरा मिळण्याचं दुःख आपल्याला परकं नाही.

चिकित्सक
पेटकरांना सलाम. पण धाग्यावर येऊ या. होम्सला सहानुभूती द्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती परत परत येण्याला. स्पिंक्सकडून दोनदा हरला, निवृत्त झाला, इथेच थांबायचं ना? जानेवारी १९८८ मध्ये टायसनसमोर आला आणि चौथ्या राउंडमध्ये तीनदा आडवा. मग १९९१ ला पुन्हा. शेवटची लढत २००२ मध्ये, वय ५२, समोर बटरबीन नावाचा लठ्ठ बॉक्सर! अलीला ३८ व्या वर्षी थांबायला हवं होतं असं म्हणायचं आणि होम्सच्या ५२ ला टाळ्या वाजवायच्या, हे मला पटत नाही.

डावा हात
प्रश्न रास्त आहे. पण सगळ्या पुनरागमनांना एकाच मापाने मोजू नका.

टायसनची लढत पैशांची होती, सरावाला वेळ नव्हता, चूकच होती. योगायोग बघा, त्या रात्री होम्सचं वयही ३८. आणि अटलांटिक सिटीत रिंगजवळ कोण हजर होतं? अली. टायसननेच नंतर सांगितलंय, की अलीने कानात म्हटलं, माझ्यासाठी याला पाड. तरी चौथ्या राउंडच्या सुरुवातीला म्हातारा पायांच्या बोटांवर नाचायला लागला आणि जॅब सुटायला लागले, ती काही सेकंदं बघाच. मग टायसनचा उजवा हात आला आणि संपलं. ७५ लढतींत होम्स अर्ध्यावर थांबवला गेला तो फक्त तेव्हाच.

पण ७ फेब्रुवारी १९९२ ची रे मर्सरविरुद्धची लढत बघितलीत का? मर्सर म्हणजे सोल ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, तोवर अपराजित. होम्स ४२ वर्षांचा, पोट सुटलेलं. कोपऱ्यात दोरांना पाठ टेकून उभा, मर्सर मारतोय, हा खांद्याने आणि कोपराने ठोसे झेलतोय, मधेच कॅमेऱ्याकडे बघून बोलतोय! १२ राउंड त्या पोराला धडा दिला आणि तिन्ही पंचांनी त्यालाच विजयी ठरवलं. त्यानंतर जूनमध्ये तेव्हाचा जगज्जेता होलिफील्डसमोर पूर्ण १२ राउंड उभा राहिला. ४५ व्या वर्षी ऑलिव्हर मॅकॉलशी लढला आणि थोडक्यात हरला. पायांचा वेग गेला तरी डोळा आणि अंदाज शाबूत असेल तर बॉक्सर किती लांब जाऊ शकतो, हे मी पोरांना मर्सरच्या लढतीवरून दाखवतो.

स्टेथोस्कोप
डॉक्टर म्हणून मला हे 'लांब जाणं' आवडत नाही, कितीही देखणं असलं तरी. मेंदूला बसणारे धक्के मोजायचं यंत्र नाही. सरावातले ठोसे तर कुठेच नोंदले जात नाहीत आणि सरावातला जोडीदार म्हणून होम्सने किती खाल्ले असतील? तो आजही व्यवस्थित बोलतो, हे त्याचा बचाव आणि त्याचं नशीब दोन्ही. पोरांना मर्सरची लढत दाखवाल तेव्हा हेही सांगा, एवढीच विनंती.

डावा हात
सांगतो, ताई. डोक्यावर जोरात बसला की महिनाभर स्पारिंग (सरावातली लढत) बंद, हा आमच्याकडे नियमच आहे. आईबाप ऐकत नाहीत, स्पर्धा जवळ आलीय म्हणतात. मी ऐकत नाही.

सोनचाफा
कुणी जेरी कूनी प्रकरणाबद्दल सांगेल का? नाव कुठेतरी वाचलंय, वर्णभेदाशी संबंध होता ना?

रात्रपाळी
होय, तो राहिलाच होता आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर निम्मं तिथेच आहे असं मला वाटतं.

११ जून १९८२, लास व्हेगास. जेरी कूनी, गोरा, २५-०, डाव्या हाताचा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) भयंकर. पण त्याची जाहिरात झाली ती 'गोऱ्यांची आशा' म्हणून. चार वर्षांचा जगज्जेता होम्स, पण 'टाइम'च्या मुखपृष्ठावर कूनी. रिंगमध्ये विजेत्याचं नाव नेहमी शेवटी पुकारतात, मान असतो तो. त्या रात्री होम्सचं नाव आधी पुकारलं, कूनीचं नंतर.

हे सगळं गिळून होम्स लढला. दुसऱ्या राउंडमध्ये कूनीला खाली पाडलं, मग मधले राउंड खरी झुंज झाली, कूनीने कंबरेखाली मारल्याबद्दल गुण गमावले. तेराव्यात त्याचा प्रशिक्षक रिंगमध्ये धावत आला आणि पोराला मिठीत घेऊन लढत थांबवली.

आणि मग? तो कूनी आणि होम्स आयुष्यभराचे मित्र झाले. लढतीभोवतीचं विष या दोघांचं नव्हतंच. कूनीने पुढे १९९८ मध्ये निवृत्त बॉक्सरांना रोजगार आणि उपचार मिळवून देणारी संस्था काढली.

चिकित्सक
हे माहीत नव्हतं. नाव पुकारण्याचं तर अजिबातच नाही. मी मार्सियानोचं वाक्य एकटं धरून बसलो होतो. १९८२ नंतर १९८५ येतं, हे लक्षात घ्यायला हवं होतं. विदरस्पूनबद्दलचं मत मात्र बदलणार नाही. :)

मांडवी
निवृत्त बॉक्सरांना पेन्शन वगैरे काही असतं का तिकडे?

डावा हात
बास्केटबॉल, बेसबॉलसारखी संघटना नाही, त्यामुळे सर्वांसाठी काही नाही. कॅलिफोर्निया राज्यात १९८२ पासून योजना आहे, तिथल्या लढतींच्या तिकिटावर छोटी आकारणी करून पैसा जमवतात. बाकी जो तो स्वतःच्या नशिबावर. म्हणून होम्सच्या भाड्याच्या इमारती मला किताबाइतक्याच मोठ्या वाटतात.

पंचगंगा
काल रात्री अली-होम्स बघितली. पूर्ण. आधी मी लिहिलं होतं, त्याने लढायला नको होतं. आता ठामपणे तसं म्हणवत नाही. त्याचा हात आखडता होता हे मातीतल्या माणसाला लगेच कळतं. जिथे उजवा हात सोडायचा तिथे तो जॅबवर भागवत होता. संपल्यावर तो अलीला भेटायला गेला, माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणाला आणि रडला, असं वाचलं. दुसरा कुणी असता तर अलीला जास्त इजा केली असती, हेही खरं.

पण माझ्या गल्लीतलं ते पोर माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. दोन्ही बाजू मनात आहेत, राहू देत.

न्यूजर्सीकरीण
शनिवारी गेले होते! मुलांना नवऱ्याबरोबर खडूंकडे पाठवलं आणि मी एकटी नदीकाठी. पुतळा नदीलगतच्या छोट्या बागेत आहे. एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसून सँडविच खात होते. फोटो काढताना बघून त्यांनी विचारलं, बॉक्सिंग आवडतं का? खरं सांगितलं, की नाही, आमच्या भाषेत काही मंडळी याच्याबद्दल बोलतायत म्हणून आले. केवढे खूश झाले! म्हणाले, त्याला गावात कुणी चॅम्प म्हणत नाही, लॅरी म्हणतात.

फोटो टाकायचा प्रयत्न केला, चढत नाहीये. रात्री पुन्हा बघते.

सोनचाफा
मला एकच लढत बघायची असेल तर कोणती बघू? रक्त कमी असलेली सांगा.

डावा हात
नॉर्टनचा पंधरावा राउंड. तीनच मिनिटं आहेत. आवाज बंद करा आणि फक्त होम्सच्या डाव्या हाताकडे बघा.